सातवाला प्रोसेसर आणि दादाची केळी

पाचापेक्षा सात मोठे असतात. नांदेडच्या एका शाळेत मी आयुष्यभर हेच शिकवत आलोय आणि आजवर एकाही विद्यार्थ्याने, पालकाने किंवा तपासणीला आलेल्या साहेबाने त्यावर हरकत घेतलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी कंप्युटर आला आणि मला कळलं, की प्रत्येक वेळी असतातच असं नाही.

झालं असं. आमची मुलगी ऋतुजा लातूरला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या प्रोजेक्टसाठी तिने विषय निवडला तिच्या मामाच्या गावचा, म्हणजे निलंग्याचा, नवा एसटी स्टँड. नुसता कागदावर नव्हे, तर सगळा स्टँड कंप्युटरमध्ये उभा करायचा आणि त्यातून आपण हिंडतोय असा छोटा सिनेमा करायचा. (स्टँड अजून बांधलेला नाही, पण तुम्ही त्यात फिरून येता! आमच्या लहानपणी उलट होतं. स्टँड बांधलेला असायचा, पण सुट्टीच्या गर्दीत पाय ठेवता यायचा नाही.) तिचा जुना लॅपटॉप या कामाचं नाव काढलं तरी बंद पडायचा. म्हणून घरी एक दमदार कंप्युटर घ्यायचं ठरलं. माझी बायको शोभा हिने भिशीचे पैसे माझ्या हातात ठेवले आणि बजावलं, "एवढ्यात बसवायचं. आन् पोरगी म्हणंल तोच घ्यायचा. तुमचं डोकं लावू नका."

तिने हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं.

नांदेडच्या बाजारात, वजिराबादेतल्या दुकानदाराने काउंटरवर दोन कंप्युटर मांडले. "बघा सर, दोन्ही एकाच भावात पडून राहिले. हा पाचवाला, म्हंजे आय-फाइव्ह प्रोसेसरचा, एकदम नवा, बाराव्या जनरेशनचा. आन् हा सातवाला, आय-सेव्हन. चौथ्या जनरेशनचा हाय, वापरलेला हाय, पण त्याच्यासंगं मोठा डबा, चार पंखे आन् लायटिंग."

"पाचवाला," ऋतुजा लगेच म्हणाली.

"थांब की. सात सोडून पाच कोण घेतं?"

"पप्पा, आकडा नसतो बघायचा. पिढी बघायची. हा नवीन पिढीचा आहे, कमी तापतो आणि रेंडरिंग झरझर करतो." रेंडरिंग म्हणजे त्या सिनेमातलं एकेक चित्र ऊनसावलीसकट रंगवून काढणं, हे तिने मला रिक्षात समजावलं होतं.

"पिढीच बघायची तर जुनी बघावी," मी म्हणालो. "जुन्या पिढीत दम होता. तुझे पणजोबा अर्धापूरहून नांदेडच्या बाजाराला चालत यायचे!"

"पणजोबांना रेंडरिंग करायचं नव्हतं, पप्पा."

दुकानदार हसला. मलाही पटल्यासारखं झालं होतं, खोटं कशाला सांगू. पण तेवढ्यात बालाजीचा फोन आला. बालाजी म्हणजे शोभाचा धाकटा भाऊ, मुक्काम लातूर. याला जगातलं सगळं कळतं. फ्रिज कोणता घ्यावा, मोबाइल कोणता घ्यावा, गुडघ्याला तेल कोणतं चोळावं. सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे, त्याचं बरोबर निघतं!

"दाजी," तो म्हणाला, "डोळे झाकून पाचवाला उचला. जुन्या सातवाल्याच्या नादी लागू नका."

बस्स! त्या क्षणी सातवाल्याचं नशीब उजळलं.

"शेठ," मी फोन खिशात घालत म्हणालो, "सातवाला बांधा."

ऋतुजाने फक्त दुकानाच्या छताकडे बघितलं. आमच्या घरातल्या बायका माझ्याशी वाद संपला की छताकडे बघतात.

घरी आल्यावर मी कंप्युटरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बटण दाबलं. चारी पंखे लाल, हिरवे, निळे, जांभळे होऊन गरगरायला लागले. सगळी खोली उजळली. शेजारचे काका दारात येऊन म्हणाले, "सर, साखरपुडा हाय का काय घरात? सांगितलं न्हाई ते!" मी मुद्दाम त्या उजेडात उभा राहून स्वतःचा फोटो काढला आणि बालाजीला पाठवला. खाली लिहिलं, 'सात.' एवढंच.

पहिले काही आठवडे सातवाला गुणाने वागला. ऋतुजा सुट्टीला घरी आली होती. ती दिवसभर बसून भिंती उभ्या करायची, छप्पर टाकायची, बाकडी मांडायची. मी येताजाता विचारायचो, "काय म्हणतो आपला सातवाला?" ती म्हणायची, "अजून खरं काम दिलं नाही त्याला." मग मे महिना लागला, आणि तिने खरं काम दिलं.

पडद्यावर टक्के दिसायला लागले. पाच टक्के. आठ टक्के. सातवाल्याने पिठाच्या गिरणीसारखा आवाज काढायला सुरुवात केली. बारा टक्के. गिरणीचं विमान झालं. मी अभिमानाने म्हणालो, "बघ, जुनं इंजिन कसं ताकद लावून राहिलं!" आणि विमान एकदम गप्प झालं. पडदा काळा. दिवे बंद.

पुन्हा चालू केला. पुन्हा बारा टक्के, पुन्हा अंधार.

"पप्पा, तापून राहिला हा."

"मे महिना आहे बाई. मी पण तापून राहिलो."

"तुम्ही बंद पडत नाही पण."

मग उपचार सुरू झाले. आधी डब्याचं झाकण काढलं. मग टेबलफॅन लावला. पंधरा टक्के! मग पडदे ओढले, फरशीवर पाणी मारलं. सोळा! शोभा म्हणाली, "कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवू का त्याच्या?" तिला टोमणा मारायचा होता. माझ्या मात्र मनात क्षणभर विचार येऊन गेला, की याचं कपाळ नेमकं कुठं असावं?

शेवटी मी त्या उन्हाळ्यात अजून चालू न केलेला कूलर आणला. आमचा कूलर पत्र्याचा, माझ्या खांद्याएवढा उंच. तो मी थेट सातवाल्याच्या उघड्या पोटासमोर लावला.

"पप्पा, पाण्याचा पंप लावू नका हां. नुसती हवा," ऋतुजाने बजावलं आणि ती जेवायला गेली.

आता तुम्हीच सांगा, नुसती हवा म्हणजे मे महिन्यातली गरम हवा! गार करायचं तर नीट गार करावं, अशा उदात्त हेतूने मी टाकीत बादलीभर पाणी ओतलं आणि पंप चालू केला. वर्षभर बंद असलेल्या कूलरने एक मोठा खोकला काढला आणि गेल्या वर्षीची धूळ, जाळीतलं वाळलेलं गवत आणि ओंजळभर पाणी, असं सगळं एका दमात सातवाल्याच्या तोंडावर मारलं.

फट्!

सातवाल्याचे दिवे गेले. मग आमच्या घराचे गेले. मग अख्ख्या बिल्डिंगचे गेले. (काही म्हणा, सात मोठाच असतो.) जिन्यातून आवाज यायला लागले, "लाइन गेली का? कुणाची गेली? सगळ्यांचीच गेली का?" आणि अंधारात शोभाचा शांत आवाज आला, "न्हाई, आमच्या घरून गेली."

वायरमनने बिल्डिंगचे दिवे आणले. ऋतुजाने सातवाल्याच्या पोटातून गवत वेचून काढलं आणि ती केस वाळवायच्या मशीनने त्याला वाळवायला बसली. ज्याला गार करण्यासाठी मी एवढा आटापिटा केला, त्यालाच माझी पोरगी गरम हवा देत होती! नशिबाने तो चालू झाला. पण बारा टक्क्यांवर पुन्हा बंद.

दोन दिवसांनी लातूरला तिची अंतिम परीक्षा होती. कॉलेजातले सगळे चांगले कंप्युटर पोरांनी आधीच अडवून ठेवले होते. मी जिन्यात तोंड पाडून बसलो होतो, तिथं ऋतुजा येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसली.

"असू द्या पप्पा," ती म्हणाली. "सिनेमा नाही दाखवत. नुसते फोटो लावते. चालतं तसं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. 'चालतंय सर, तेवढं गणित सोडून देतो' असं म्हणणारी पोरं मी खूप पाहिलीत. त्यांना ते चालत नसतं. तिने त्या स्टँडमध्ये बाळाला पाजायला वेगळी खोली केली होती, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार करून पायऱ्या बसक्या ठेवल्या होत्या, दुपारचं ऊन कुठून येतं हे बघायला निलंग्याला जाऊन दिवसभर उभी राहिली होती. आणि हे सगळं माझ्या हट्टापायी बारा टक्क्यांवर अडकलं होतं. मला पहिल्यांदाच हसू येईना.

मी मान खाली घालून बालाजीला फोन लावला. त्याचा कंप्युटर मिळतो का विचारावं म्हणून.

"माझ्याकडं कुठं हाय कंप्युटर, दाजी?" तो म्हणाला.

"मग तू एवढे सल्ले कशाच्या जोरावर देतो?"

"अनुभवाच्या! पण तुम्ही काय करलालाव तिथं? कूलर लावला म्हणं त्याला?" आणि तो असा हसला, की मी फोन कानापासून लांब धरला. "दाजी, एक काम करा. त्याला हवापालटाला न्या. महाबळेश्वरला!"

मी फोन आपटला. (म्हणजे सोफ्यावर आपटला. बजेट संपलं होतं.)

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझा थोरला भाऊ, आमचा दादा, अर्धापूरहून आला. दादाची केळीची बाग आहे आणि केळी पिकवायचं स्वतःचं थंड चेंबर आहे. नांदेडला आला की घरी एक क्रेट टाकल्याशिवाय तो जात नाही. त्याने एक केळं माझ्या हातात दिलं. "खा दिगू, तोंड का उतरलंय तुझं?"

केळं गारेगार होतं.

मी त्या केळ्याकडे बघत राहिलो. मग दादाकडे बघितलं. "दादा, चेंबरमध्ये किती गार असतं?"

"लई गार. हुडहुडी भरती."

"आन् लाइट गेली तर?"

"जनरेटर हाय की."

"थोडी जागा मिळंल का आत?"

"कुणाला?"

"सातवाल्याला."

सगळी हकिगत ऐकल्यावर दादाने डोक्याला हात लावला. "दिगू, माझ्याकडं केळी पिकत्यात. कंप्युटर न्हाई पिकत."

"मोठे बाबा, केळी पिकवायचा गॅस वगैरे असतो ना तिथं?" ऋतुजाने विचारलं. पण तिचे डोळे चमकले होते.

"गॅसचं काम झालंय, हवा पण काढली. आता नुसता गारवा सुरू हाय." दादाने तिच्याकडे बघितलं आणि तो विरघळला. "चल, बस गाडीत. पोरीच्या परीक्षेपुढं केळी काय मोठी हायत?"

सातवाल्याला गोधडीत गुंडाळून आम्ही दादाच्या पिकअपमध्ये घातलं. चेंबरमध्ये छतापर्यंत क्रेटची थप्पी होती. मधल्या बोळकांडीत एक क्रेट पालथं घालून त्यावर सातवाल्याची स्थापना झाली. ऋतुजाने काम सुरू केलं. बारा टक्के आले. आम्ही श्वास रोखला. तेरा! सोळा! वीस! गिरणीचा आवाजच नाही. सातवाला सिमल्याला आलेल्या नवरदेवासारखा खुशीत होता!

आमचे मात्र हाल कुत्रं खाईना. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत माझे दात वाजत होते. ऋतुजाला बाहेर पाठवून पहाऱ्याला मी बसलो. अंगात दादाचा स्वेटर, वर वहिनीची शाल, डोक्याला माकडटोपी. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. दाराच्या काचेला एकेक चेहरा चिकटायला लागला. एका म्हाताऱ्याने दार किलकिलं करून आत डोकं घातलं. आधी कंप्युटरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि गंभीरपणे विचारलं, "मास्तर, तुम्हाला का पिकायला घातलं?"

दुपारी नव्वद टक्के झाले आणि त्याच वेळी केळी न्यायला व्यापाऱ्याचा ट्रक आला.

आता ट्रक भरायचा म्हणजे चेंबरचं मोठं दार सताड उघडायचं. सगळं ऊन आत येणार आणि सातवाला डोळे मिटणार. दादाने आजवर एकाही व्यापाऱ्याला ताटकळत ठेवलेलं नाही, ही त्याची पंचक्रोशीतली ख्याती. मी काचेतून हात जोडले. दादाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ट्रककडे, आणि व्यापाऱ्याच्या खांद्यावर हात टाकला. "या, या. चहा घेऊ आधी."

चहा झाला. मग पोहे झाले. मग पुन्हा चहा झाला. ब्याण्णव टक्के. मग दादा त्याला भर उन्हात बाग दाखवायला घेऊन गेला. पंच्याण्णव. परत आल्यावर जेवायचा आग्रह सुरू झाला. व्यापारी घामाने निथळत म्हणाला, "मालक, माल द्यायचाय का मला जावई करून घ्यायचाय? ते तरी सांगा!"

तेवढ्यात पडद्यावर शंभर उमटले.

मी ओरडत दार ढकललं आणि स्वेटर, शाल, माकडटोपीसकट दोन्ही हात वर करून उन्हात धावत सुटलो, "झालं! झालं!" व्यापारी दोन पावलं मागे सरकला आणि दादाला म्हणाला, "आत काय काय ठेवता तुम्ही?" पण ऋतुजाने तोपर्यंत येऊन मला मिठी मारली होती, दादा टाळ्या वाजवत होता, वहिनी पदराने डोळे पुसत होती आणि काचेला चिकटलेली सगळी मंडळी, काय झालं हे माहीत नसताना, शिट्ट्या मारत होती.

दुसऱ्या दिवशी लातूरला परीक्षेच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत मी, शोभा आणि बालाजी बसलो. दिवे मंद झाले आणि निलंग्याचा न बांधलेला स्टँड पडद्यावर उभा राहिला. आम्ही त्या बसक्या पायऱ्यांवरून वर गेलो, छपराच्या फटीतून येणाऱ्या कवडशांतून चाललो, बाकड्यांच्या रांगेपाशी थांबलो. शोभाने माझा हात घट्ट धरला. "तिथंच बसायचो की हो आम्ही, नांदेडच्या गाडीची वाट बघत," ती हळूच म्हणाली.

सिनेमा संपल्यावर बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत मागे रेलले. मग म्हणाले, "बाई, तुमच्या स्टँडमध्ये बसलं की खरंच गार वाटतं. हे कसं साधलं?"

ऋतुजाने मागे माझ्याकडे बघितलं. त्याच क्षणी मला अशी सणसणीत शिंक आली, की पुढच्या दोन रांगा वळल्या. हसू दाबत ऋतुजाने उत्तर दिलं, "हवा खेळती ठेवली आहे, सर."

संध्याकाळी निकाल सांगितला, ती वर्गात पहिली आली! बालाजीने मला मिठी मारली. "मानलं दाजी," तो म्हणाला, "पण कंप्युटर केळीत ठेवायचा हे कुणी सुचवलं?" मी नम्रपणे नाकाला रुमाल लावला आणि म्हणालो, "अनुभवानं सुचलं."

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण दादा सातवाला परत देईना. एक तर त्याच्या शेजारच्या थप्पीतली केळी सगळ्यात पिवळी धमक निघाली, असं त्याचं म्हणणं. शिवाय चेंबरवर कॅमेरे बसवायचे होते, तेवढं काम सातवाला गारव्यात बसून आरामात करणार होता. "हा मला राहू दे," दादा म्हणाला. "पोरगी पहिली आली, तिला पाहिजे तो नवीन मी घेऊन देतो."

मग आम्ही पुन्हा वजिराबादेत गेलो. या वेळी शोभाची एकच अट होती. मी दुकानाच्या आत पाऊल टाकायचं नाही. मी गळ्यात रुमाल टाकून बाहेर ऑटोंच्या रांगेपाशी उभा राहिलो आणि काचेतून बघत राहिलो. आत ऋतुजा बोलत होती, दुकानदार मान डोलवत होता आणि छताकडे कुणीही बघत नव्हतं. किती लवकर काम आटोपलं! दुकानातला माणूस नव्या पाचवाल्याचं खोकं घेऊन बाहेर आला आणि ते सरळ माझ्या हातात दिलं.

"ऑटोवाले मामा, खड्डे बघून चालवा हां. आत नाजूक माल हाय."

"हाव मालक," मी म्हणालो आणि खोकं छातीशी धरलं.

त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो ऋतुजाकडे वळला. "ताई, ऑटोवाला ओळखीचा हाय ना?"

ऋतुजाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग शोभाकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"हाव," ती म्हणाली. "घरचाच हाय."

एवढं सांगायला तिला गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ लागला, असं माझं मत आहे.